पडद्यामागचा फासा

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो, हे गाडी शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण बाईंनी तो कधी दाबला हे त्यांच्या शिकाऊंना कळतच नसे, आणि या गोष्टीचा बाईंना भारी अभिमान होता. समोरून ट्रक यायचा, शिकाऊ गडी स्टिअरिंगला लटकून डोळे मिटायचा, बाई बुटाचं टोक हलकेच खाली न्यायच्या आणि गाडी अलगद थांबायची. वर बाईच म्हणायच्या, "वा! वेळेवर थांबवलीत बघा." गडी खूश होऊन घरी जायचा आणि बायकोपुढे फुशारक्या मारायचा. अशी किती माणसं बाईंनी वाचवली याला गणती नाही, आणि एकालाही पत्ता लागू दिला नाही. चांगलंच काम होतं ते, त्याला कोण नावं ठेवणार? फक्त असली सवय गाडीतून उतरताना गाडीतच ठेवून येता येत नाही, एवढीच पंचाईत.

घरात माणसं तीन. बाई, बाईंचा नवरा आणि एकुलती एक लेक, ठकी. नवरा दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे दुरुस्त करायचा. बापलेकीचं गूळपीठ असं, की बाईंना कधीकधी आपणच या घरात पाहुण्या आलोय असं वाटायचं. मग ठकीच्या शेवटच्या परीक्षेच्या ऐन तोंडावर नवऱ्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. बाईंनी डोळे पुसले आणि ब्रेकवर पाय ठेवला.

ठकीला त्यांनी सांगितलं, "सुधारतंय हळूहळू. पण दवाखान्यात आत कुणाला सोडत नाहीत. तू पेपरांकडे लक्ष दे." आत सोडत होते. सकाळ-संध्याकाळ खुशाल सोडत होते. शेवटच्या पेपरच्या दिवशी पहाटे नवरा गेला. बाई घरी आल्या, तोंड धुतलं, लेकीला अंडं आणि पाव करून घातला, शिकवणीच्या गाडीतून तिला परीक्षेच्या दारात सोडलं आणि "नीट लिही गं" म्हणाल्या. पेपर सुटल्यावर त्याच दारात त्यांनी तिला खरं काय ते सांगितलं. गाडीच्या टपावर 'शिकाऊ' असा फलक, आणि खाली या दोघी उभ्या. ठकी ओरडली नाही की रडली नाही. मागच्या सीटवर जाऊन बसली.

मार्क उत्तम पडले. त्या मार्कांवर दूरच्या शहरात प्रवेश मिळाला. आणि आईशी बोलणं ठकीने टाकलं.

भांडली असती, भांडी आपटली असती, तरी बाईंनी आनंदाने सोसलं असतं. पण हिचं आपलं "हो", "नको", "जेवले". बाईंनी माफी मागून पाहिली, रागावून पाहिलं, रडून पाहिलं. मावशीला मध्ये घातलं. मावशी खोलीतून बाहेर आली तीच चेहरा पाडून. "ती म्हणते, सुट्टी संपली की जाणार आणि परत यायचं नाही. मला म्हणाली, आईला सांगितलंस तरी चालेल." नवरा गेला, त्याला इलाज नव्हता. पण जिवंत लेक डोळ्यांदेखत चालली होती, आणि जायच्या आत तिने एकदा, फक्त एकदा, धड बोलावं, यापलीकडे बाईंना आता या जगाकडून काही नको होतं.

आता गंमत अशी, की हीच मुलगी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून तासन्‌तास बोलायची. आईशी नव्हे, दरोडेखोरांशी.

ठकीच्या मित्रमंडळींचा तो खेळ होता, आणि शाळेत असल्यापासून तो याच टेबलावर चालायचा. चारजण बसायचे. त्यातला एक गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचे. कुणी चोर, कुणी शिपाई, ठकी वैदू. समोर दरी आहे, काय करता? उडी मारतो. मग फासा टाकायचा, वीस बाजूंचा, आणि आकडा मोठा आला तर पलीकडे, लहान आला तर खाली. गोष्ट सांगणारा समोर पुठ्ठ्याचा घडीचा पडदा उभा करून बसायचा, म्हणजे त्याचे कागद आणि त्याचे फासे बाकीच्यांना दिसू नयेत. गोष्ट सांगायचा तो लंबू. उरलेल्या दोघांत एक बडबडी, आणि एक तिचा मावसभाऊ. तो प्रत्येक बेताला मान डोलवायचा म्हणून त्याचं नावच पडलं होतं होहो.

बाई स्वयंपाकघरात नळ बंद करून उभ्या राहायच्या. भांडी तशीच पडलेली. पलीकडे ठकी दरोडेखोराशी घासाघीस करतेय, जखमी शिपायाला दरडावतेय, हसतेय. लेकीचा आवाज तेवढाच काय तो घरात उरला होता, आणि बाई तो चोरासारखा ऐकत होत्या.

मग लंबूला दुसऱ्या गावी नोकरी लागली. फासे, पुस्तक आणि पडदा तो तिथेच टेबलावर ठेवून गेला. पुढच्या रविवारी ठकी दार लावून पडून राहिली. त्याच्या पुढच्याही. शेवटी बाईंनीच बडबडीला फोन लावला.

"मी चालवीन म्हणते खेळ."

"काकू, तुम्ही?" बडबडी आयुष्यात पहिल्यांदा दोन शब्दांवर थांबली.

"का? ट्रकवाल्यांना गाडी शिकवलीय मी."

पुस्तक चांगलं उशीएवढं जाड. बाईंनी ते वाहतुकीचे नियम वाचावेत तसं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि चौथ्या दिवशी हात टेकले. चार बाजूंचा फासा कधी, आठ बाजूंचा कधी, जादूगाराला झोप किती लागते, काही म्हणता काही डोक्यात शिरेना. दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात गाडी सावलीला लावून त्या चोराची हत्यारं पाठ करायच्या. एका शिकाऊला त्या भर चौकात "आता डावीकडे वळा आणि सावध राहा, झाडीत कुणीतरी आहे" असं म्हणाल्या. बिचाऱ्याची पाचावर धारण बसली.

पहिला रविवार म्हणजे नुसती फजिती. ठकी बडबडीने ओढून आणली म्हणून बसली होती, हाताची घडी घालून. बाईंनी अर्धा वेळ पुस्तकच मोठ्याने वाचलं. होहोला डुलकी लागली. मग जंगलातला रस्ता सुरू झाला, तर बाई म्हणाल्या, "पुढे धोक्याचं वळण आहे. तुम्ही वेग कमी करता, दोन्ही बाजूंना बघता आणि मग जाता."

"आम्ही काय करतो ते आम्ही सांगायचं असतं, काकू," बडबडी म्हणाली. ठकीने छताकडे पाहिलं.

बाईंनी लंबूला फोन केला. लंबू समजूतदार पोरगा. तो म्हणाला, "काकू, पुस्तक मिटा. नियम अडला तर अंदाजाने सांगा, नंतर बघू. तुम्ही फक्त समोर काय आहे ते सांगायचं आणि विचारायचं, 'आता तुम्ही काय करता?' आणि मग गप्प बसायचं. तेच सगळ्यात अवघड असतं."

गप्प बसणं! बाईंना ते जन्मात जमलं नव्हतं. पण गरज होती, आणि त्यांनी ते शिकून घेतलं. समोर नदी आहे, पूर वाहून गेलाय... चुकलं, पूल वाहून गेलाय. काय करता? ओठ दाताखाली धरून बसायचं. हळूहळू गाडी रुळावर आली. होहो जागा राहू लागला. आणि ठकीने हाताची घडी सोडली.

नदी ओलांडायला नावाडी हवा होता. बाईंनी तयारी काहीच केली नव्हती, तोंडाला येईल ते सांगत सुटल्या. म्हातारा आहे. थोडा खोकतो. नावेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला आपादमस्तक बघतो आणि त्याचं वजन किती ते अचूक सांगतो. "ताई, तुमच्या पिशवीत काहीतरी जड आहे. बाहेर काढा, नाहीतर नाव कलेल."

बोलून झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आपण कुणाला नावेत बसवलंय. ठकी त्यांच्याकडे बघत होती. महिनोन्‌महिन्यांत पहिल्यांदाच ती सरळ आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग वैदूच्या आवाजात म्हणाली, "औषधाची बाटली आहे, बाबा. ती मी टाकणार नाही. तुम्ही दुसरं काहीतरी कमी करा."

"मग मी गाणं कमी करतो," नावाडी म्हणाला. ठकी हसली.

नदी ओलांडून झाली तरी तिने नावाड्याला सोडलं नाही. "हा आमच्याबरोबर येणार." डोंगरात नावाडी कशाला, असं होहोसुद्धा म्हणाला, पण ठकी ऐकेना. पुढचे रविवार म्हातारा त्यांच्याबरोबर फिरला. ठकी त्याच्याशी बोलायची. खोकल्याचं विचारायची, रात्रीच्या पहाऱ्याला त्याच्या शेजारी बसायची. आणि नावाड्याच्या वतीने उत्तरं द्यायच्या त्या बाई. खेळ संपला की ठकी फासे डब्यात भरून "जेवले" एवढं म्हणून खोलीत. पण रविवारी दुपारी बाईंना लेक मिळत होती, मग ती दुसऱ्याच्या तोंडाने का होईना.

आणि म्हणून बाईंना त्या म्हाताऱ्याच्या जिवाची धास्ती लागली. गोष्टीत बाण सुटायचे, दरडी कोसळायच्या. नियमाप्रमाणे नावाड्यासाठी पडद्यामागे फासा टाकायचा. फासा पडायचा चार. बाई सांगायच्या, "सोळा! बाण टोपीला चाटून गेला." फासा पडायचा दोन. "अठरा! म्हातारा वेळेवर बाजूला सरकला." वेळेवर! कुणाला कळणार होतं?

बाईंच्या खुर्चीमागे भांड्यांचं काचेचं कपाट होतं. त्या रविवारी ऊन फिरून नेमकं टेबलावर पडलं होतं. दरोडेखोराची कुऱ्हाड नावाड्यावर उगारली गेली, बाईंनी फासा टाकला आणि म्हणाल्या, "सतरा! वाचला."

ठकी कपाटाच्या काचेत दिसणाऱ्या फाशाकडे बघत होती. मग ती उभी राहिली.

"पुन्हा?" ती म्हणाली.

एवढंच. होहो "काय झालं, काय झालं" म्हणत राहिला. ठकी खोलीत गेली आणि दाराची कडी लागल्याचा आवाज आला. फाशावर एक होता.

त्या दिवसांत बाईंचं कशात लक्ष लागेना. एका शिकाऊने गाडी दुभाजकावर चढवली तेव्हा कुठे त्या भानावर आल्या. त्या दारापाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि काय बोलावं ते न सुचून परत यायच्या. कारण बोलणार काय? तुझ्या भल्यासाठी केलं? ते एकदा बोलून झालं होतं. खरी गोष्ट अशी, की ठकीच्या भल्याबिल्याचं नंतर. बाप गेल्यावर लेकीचा चेहरा कसा होईल ते बघण्याची बाईंची हिंमत नव्हती. एक पेपर, अजून एक पेपर, असं त्या स्वतःलाच पुढे ढकलत होत्या. हे त्यांना गाडीत, स्टिअरिंगवर दुसऱ्याचे हात असताना, कळलं. कळून त्या इतक्या रडल्या की शिकाऊने स्वतःहून गाडी बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

लंबूला फोन केला. सगळं सांगितलं, एकही न लपवता, सगळे फासे.

"काकू, पडदा काढून टाका," लंबू म्हणाला. "फासा सगळ्यांसमोर टाका आणि पडेल तो आकडा सांगा."

"आणि म्हातारा मेला तर?"

"तर मेला, काकू."

ठकी जाणार त्याच्या आधीचा शेवटचा रविवार. बॅगा भरून दाराशी उभ्या. बाईंनी टेबल पुसलं, पडदा मिटून लंबूच्या पुस्तकाखाली सरकवला आणि बंद दाराला म्हणाल्या, "आज फासा उघड्यावर आहे. यायचं तर ये." आत काही हललं नाही. बडबडी आणि होहो खाली मान घालून बसले होते. बिस्किटं तशीच. बऱ्याच वेळाने कडी निघाली. ठकी आली, बसली, आणि आईच्या हातांकडे बघत राहिली.

कुऱ्हाड तिथेच उगारलेली होती. बाईंनी फासा उचलला. टेबलाखाली त्यांचा पाय जमिनीवर घट्ट रुतला होता. फासा घरंगळत बिस्किटांच्या बशीला लागला आणि थांबला.

"तीन," बाई म्हणाल्या. "लागली. छातीत लागली. तो खाली पडलाय."

"मी वैदू आहे," ठकी म्हणाली आणि तिने फासा ओढून घेतला. तिला बाराच्या वर हवे होते. नऊ पडले.

"परत टाक ना!" बडबडी रडकुंडीला आली. "काकूंना चालेल. चालेल ना, काकू?"

ठकीने आईकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते बाईंना चांगलं कळलं. "चालेल" हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "नियमात नाही. तो वाचणार नाही. पण शुद्धीवर आहे अजून थोडा वेळ. आता तू काय करतेस?"

आणि त्या गप्प बसल्या. लंबू म्हणाला होता ते खरं, तेच सगळ्यात अवघड होतं.

"मी त्याच्याजवळ बसते," ठकी म्हणाली. "त्याचा हात धरते. विचारते, बाबा, कुणाला बोलवू का?"

सोपं उत्तर तयार होतं. नको पोरी, तू आहेस ना, असं म्हणून म्हाताऱ्याने सुखाने डोळे मिटायचे. बडबडी रडली असती, खेळ गोड झाला असता.

"मुलगी आहे मला," बाई नावाड्याच्या खोकऱ्या आवाजात म्हणाल्या. "तिला बोलवा म्हणतोय कधीचा. येते म्हणतात. पण बोलवायला कुणी गेलंच नाही." शेवटचे शब्द नावाड्याच्या आवाजात नव्हते.

बडबडीने होहोचा दंड धरला, चपला पायांत सरकवल्या आणि त्याला जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. होहोने एकदाही हो म्हटलं नाही.

"रोज विचारायचे?" ठकीने विचारलं.

"रोज. दार उघडलं की दाराकडे बघायचे."

"मग तू काय सांगायचीस?"

"पेपर संपला की येते."

"आणि ते?"

"म्हणायचे, बरोबर आहे, अभ्यास होऊ दे तिचा. आणि थोड्या वेळाने परत विचारायचे. शेवटच्या दिवशी विचारलं नाही. बोलवत नव्हतं. पण नर्स आत आली तर तिला वाटेतून सरक म्हणून खूण केली. त्यांना दार दिसत नव्हतं."

ठकीच्या तोंडून असा आवाज निघाला, की बाई अर्ध्या उठल्या. "हात लावू नकोस मला," ठकी म्हणाली. बाई परत बसल्या. टेबलाच्या त्या बाजूला लेक कपाळ टेबलावर टेकून हमसून हमसून रडत होती, आणि या बाजूला आईचे दोन्ही हात मांडीवर. परीक्षेच्या दारात जे रडायचं राहिलं होतं ते ती आता रडत होती. ते थांबवणं बाईंच्या हातात होतंही आणि नव्हतंही. त्यांनी थांबवलं नाही.

ऊन कपाटावरून सरकून भिंतीवर गेलं. ठकीने बाहीने नाक पुसलं.

"मी जाणारच आहे," ती म्हणाली. "आणि तुला माफ केलं असं समजू नकोस. मला नाही येत ते."

"नको करूस," बाई म्हणाल्या.

ठकीने नऊवर पडलेला फासा उचलला, डब्यात टाकला, एकेक करून बाकीचेही टाकले. डब्याचं झाकण लावलं. उठून दारातल्या बॅगांपर्यंत गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

"तू कशी आहेस?" तिने विचारलं.

बाप गेल्यापासून हा प्रश्न तिने विचारला नव्हता. दुसऱ्या कुणी विचारला की बाई ठरलेलं उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. आताही ते उत्तर जिभेवर तयार होतं. लेक दूर निघाली होती, तिला कशाला घोर लावायचा?

"अजिबात बरी नाहीये गं," बाई म्हणाल्या.

ठकी परत आली आणि आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.